दिनकर ड्रायव्हरची डावी बाजू

जत्रा आटोपून आल्यावर दिनकर ड्रायव्हरने नव्या गाडीच्या पुढच्या काचेवर देवीचं नाव चिकटवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी गप्प झाली. गप्प म्हणजे बंद नव्हे. इंजिन, ब्रेक, एसी सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्याच्यावर टुंग टुंग करून खेकसायची तिची खोड गेली. मीटरमध्ये एक नारिंगी दिवा तेवढा लागला आणि त्याच्याखाली पुढचा कॅमेरा उपलब्ध नसल्याची इंग्रजी ओळ उमटली. दिनकरने ती अक्षरं जुळवत वाचली, अर्थ लावला, आणि स्टीअरिंगवरच हात जोडून लईराई देवीला नमस्कार केला.

आमोण्यात त्याला नुसत्या दिनकर या नावाने कोणी ओळखत नाही. दिनकर ड्रायव्हर म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. मूळचा तो दोडामार्गाकडचा. गोवा राज्य झालं त्या वर्षी तो काम शोधत सीमा ओलांडून इकडे आला. तेव्हा कोकणी की मराठी यावरून माणसं चहाच्या गाड्यावर एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. दिनकरला दोन्ही कळत, घरात मालवणी, त्यामुळे तो कुठल्याच बाजूचा नव्हता. त्याला ट्रक हवा होता. शिरगावच्या लोहखनिजाच्या खाणीवर तो धाकू नावाच्या ड्रायव्हरच्या हाताखाली क्लीनर म्हणून लागला. क्लच कसा सोडायचा, भरल्या गाडीचा चढ कुठल्या गिअरमध्ये काढायचा, हॉर्न कधी द्यायचा आणि शिवी कधी, हे सगळं त्याला धाकूने शिकवलं. मग त्याच्या हाती स्वतंत्र ट्रक आला. खाणीवर माल भरायचा, आमोण्याच्या जेटीवर ओतायचा, तिथून तो बार्जमधून नदीने पुढे जायचा. संध्याकाळी घरी येणाऱ्या दिनकरचे केस, भुवया, बनियन सगळं तांबडं. त्याची बायको भागीरथी त्याला तसाच विहिरीकडे पिटाळायची.

खाणी बंद पडल्या तेव्हा त्याच्याबरोबरचे कोणी गॅरेजात गेले, कोणी गावी परतले, कोणी नुसतेच बसले. दिनकर एका शाळेच्या बालरथावर, म्हणजे मुलांच्या बसवर लागला आणि साठी भरेपर्यंत मुलांची ने-आण करत राहिला. निवृत्त झाल्यावर काही महिने त्याने बागेत फावडं घेऊन पाहिलं, पण माडांच्या आळ्यांत त्याचं मन रमेना. रस्त्यावरून गाडी गेली की हा मान वर करून गिअर ओळखायचा. भागीरथी म्हणायची, ह्या माणसाला माडापेक्षा टायर द्या उरापाशी.

शेवटी मुलाने गाडी घेतली. अविनाश वास्कोला बंदरावर नोकरीला आहे, तिथेच खोली करून राहतो आणि शनिवारी घरी येतो. वास्कोत त्याला गाडीचा उपयोग नव्हता. गाडी आमोण्यालाच राहावी, बाबांनी आईला बाजारात न्यावं, पेडण्याला दीपाकडे न्यावं, असा त्याचा हिशेब. दीपा म्हणजे धाकटी मुलगी. तिचं बाळ अजून रांगत होतं, आणि भागीरथीचे गुडघे दोन बस बदलण्याच्या पलीकडे गेले होते. बाबांचं वय झालं म्हणून अविनाशने मुद्दाम सुरक्षिततेच्या सगळ्या सोयी असलेली गाडी पसंत केली. त्या सोयींतच तो कॅमेरा होता. आतल्या आरशाच्या मागे, काचेच्या वरच्या टोकाला चिकटलेला एक बारका डोळा. त्याने रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघत राहायचं. सिग्नल न देता गाडी पट्ट्यावर गेली की घंटी वाजायची आणि स्टीअरिंग हातातल्या हातात थरथरायचं.

पहिल्याच रविवारी सगळे दीपाकडे निघाले आणि पट्ट्यांचा रस्ता लागल्यापासून पेडण्यापर्यंत गाडी वाजत राहिली. येतानाही तेच. अविनाशने आधी गाडीला दोष दिला. मग त्याने स्वतः थोडी चालवून पाहिली, तर गाडी मुकी. तेव्हा त्याने वडिलांकडे पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. दिनकरला वाटलं, सुटलो. पण अविनाशचा घोर उलट वाढला. डोळे ठीक, म्हणजे मग हात गेला किंवा डोकं.

“बाबा, तुमचो अंदाज गेलो आता,” तो म्हणाला. “माझ्यासमोर आणखी एकदा वाजली, तर चावी माझ्याकडे. गाडी मी वास्कोक नेतलंय.”

“गाडीतच काय तरी खोट आसा,” दिनकर म्हणाला. हे तो मनापासून म्हणाला. पट्ट्यावर जात असल्याचं त्याला जाणवतच नव्हतं. इतकी वर्षं ट्रक हाकला, मुलं नेली, कोणाला ओरखडा काढला नाही, आणि आता काचेवरचा एक डोळा त्याला गाडी शिकवणार? त्याला राग आला होता आणि रागाच्या खाली भीती होती. गाडी गेली तर दीपाकडे जाणं गेलं हे तर होतंच. पण त्याशिवाय आपण कोण उरतो, हे त्याला काही केल्या सुचेना.

त्यातच शिरगावची जत्रा आली. दिनकर देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरणारा भक्त. जत्रेआधीचे व्रताचे दिवस तो कटाक्षाने पाळतो, आपलं अन्न आपण शिजवतो, आणि पहाटे हातात वेताची काठी धरून बाकीच्या धोंडांबरोबर निखाऱ्यांतून जातो. व्रत मोडलं असेल तर पाय भाजतो म्हणतात. दिनकरचा पाय आजवर भाजलेला नाही, आणि या गोष्टीचा त्याला ड्रायव्हरकीइतकाच अभिमान आहे. यंदा परत येताना त्याने एका दुकानावरून ‘श्री लईराई प्रसन्न’ अशी चंदेरी अक्षरांची लाल पट्टी घेतली. ट्रकवर असतानाची सवय. नवी गाडी आणि तिच्या कपाळावर देवीचं नाव नाही, हे त्याला बघवत नव्हतं. त्याने काच पुसली, बाहेरून वरच्या बाजूला बरोबर मधोमध पट्टी लावली, तळव्याने एकेक बुडबुडा बाहेर काढला आणि उदबत्ती ओवाळली.

मग तो दिवा लागला आणि घंटी गेली.

आता हे त्याने मुद्दाम केलं का? तर नाही. पट्टी भक्तीनेच लावली होती. पण लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवा लागला, आणि दिनकर काही दुधखुळा नव्हता. शंका त्याला आली. फक्त ती शंका खरी आहे का हे बघायला तो काचेजवळ गेला नाही. गेला असता तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर उद्या कोणी विचारल्यावर माहीत नाही म्हणता आलं नसतं. त्यापेक्षा देवीने सांभाळलं असं म्हणणं सोयीचं होतं. त्या आठवड्यात तो भागीरथीला घेऊन दीपाकडे जाऊन आला. गाडीने चकार शब्द काढला नाही.

“तो दिवो कसलो ओ?” भागीरथीने वाटेत विचारलं.

“काय नाय गे. नवी गाडी आसा, लागतत दिवे,” दिनकर म्हणाला.

शनिवारी अविनाश आला, गाडीत बसला आणि पहिली नजर दिव्यावर. “ह्यो दिवो कधीपासून लागलो?”

“झाले थोडे दिस,” दिनकर म्हणाला आणि माडाला पाणी घालायला गेला. त्या माडाला सकाळीच पाणी घातलं होतं.

मग उपचार सुरू झाले. अविनाशने मोबाइलवर माहिती काढली. धूळ असेल म्हणून काच आतून पुसली, बाहेरून पुसली. ऊन लागत असेल म्हणून गाडी फणसाखाली सावलीत नेली. धुकं धरलं असेल म्हणून पुन्हा उन्हात आणली. गाडी बंद करून चालू केली, परत बंद करून चालू केली. दिवा ढिम्म. मग डिचोलीच्या गुरुदासला बोलावलं. गुरुदासचं गॅरेज स्कूटरचं, पण आमोण्यात त्याच्याशिवाय कुठल्याही यंत्राचं पान हलत नाही. त्याने बॅटरीची वायर काढून ठेवली, चहात पोदेराकडचा उंडा पाव बुडवून खाल्ला आणि वायर पुन्हा जोडली. रेडिओ स्टेशनं विसरला, घड्याळ बारावर गेलं, दिवा तसाच. मग त्याने निदान केलं की उंदरांनी वायर कुरतडली असणार. बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या गेल्या. दोन दिवस गाडीला कपाटातल्या जुन्या शालूचा वास येत होता.

या सगळ्यात गुरुदासने काच चांगली दोनदा पुसली. पुसताना फडकं पट्टीपाशी आलं की तो हात आखडता घ्यायचा, पट्टीच्या भोवतीने फिरवायचा, आणि मग बोटं पट्टीला लावून कपाळाला लावायचा. अविनाशनेही तसंच केलं होतं. ओट्यावर बसलेला दिनकर प्रत्येक वेळी श्वास रोखून बघायचा आणि प्रत्येक वेळी सोडायचा. देवीच्या नावाला हात कोण लावणार?

पण अविनाश चिवट. पुढच्या शनिवारी त्याने पेडण्याच्या हद्दीतल्या हमरस्त्यावरच्या वर्कशॉपची वेळ घेतली. “कॅमेरो चालू जालो की बघूया,” तो म्हणाला. काय बघूया ते दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी गाडी अविनाशनेच चालवली. दिनकर शेजारी बसून पेडण्यापर्यंत रस्त्याकडे बघत राहिला.

वर्कशॉपमध्ये त्यांची गाडी रेश्मा नावाच्या मुलीकडे आली. चंदगडची पोरगी, आयटीआय करून इथे लागलेली, निळ्या डगल्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिने स्टीअरिंगखाली कुठेतरी एक वायर जोडली आणि हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर बोट फिरवलं. “कॅमेरा बिघडलेला नाही,” ती म्हणाली. “त्याच्यापुढे काहीतरी आलंय, म्हणून त्याला दिसत नाही.” मग ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली, वर बघितलं, आणि तिचं तोंड जरा उघडंच राहिलं.

“ही पट्टी कोणी लावली?”

“मी,” दिनकर म्हणाला.

“ती बरोबर कॅमेऱ्यावर आहे काका. काढावी लागेल.” असं म्हणून तिने नख पुढे केलं, वाचलं, आणि हात मागे घेतला. “मी नाही काढणार हं. देवीचं नाव आहे.” तिने सुपरवायझरला हाक मारली. अनंत नावाचे ते गृहस्थ पेडण्याचेच. ते आले, पट्टी पाहिली, चपला काढून नमस्कार केला, “हें म्हज्यान जावचें ना,” म्हणाले आणि केबिनमध्ये परत गेले. एवढं मोठं वर्कशॉप, लिफ्ट काय, कॉम्प्युटर काय, आणि वीतभर पट्टी काढायला माणूस मिळेना.

अविनाश पट्टीकडे बघत उभा होता. त्याचाही धीर होत नव्हता. तो हळूच म्हणाला, “बाबा, देवीचा नाव आसा. नको तर रवांदे. लागांदे दिवो.”

दिनकरला हे ऐकून आत गरम पाण्याने आंघोळ केल्यासारखं वाटलं. संपलं की सगळं! त्याने नुसतं हो म्हणायचं. देवीचं नाव काढायचं नसतं, हे वाक्य तर त्याच्याकडे आठवडाभर तयार होतं. ते कोणी खोडून काढणार नव्हतं. चावी राहणार होती, दीपा राहणार होती, घंटी परत वाजणार नव्हती. त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि त्याला देवीची लाज वाटली. तिच्यासमोर तो निखाऱ्यांतून जातो, आणि इथे गाडीच्या काचेवर तो तिला आपल्या आड उभी करत होता. हे व्रत मोडण्यापेक्षा वाईट होतं. मग त्याने चपला काढल्या.

“काढतंय मी,” तो म्हणाला.

रेश्माने गरम हवेचं यंत्र आणून दिलं. दिनकरने काच शेकली आणि एका कोपऱ्यातून पट्टी सोडवायला घेतली. एकही अक्षर फाटू न देता ती काढायला त्याला बराच वेळ लागला. घडी करून त्याने ती रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. नदीत सोडेपर्यंत ती खाली कुठे ठेवायची नव्हती.

दिवा तरीही लागलेलाच होता. दिनकरच्या मनात पुन्हा एक आशेचा किडा वळवळला. पण रेश्मा म्हणाली, “इतके दिवस त्याला दिसलंच नाही ना, त्याला आता रस्ता पुन्हा ओळखायला लावायचा. सलग चालवावी लागेल. दोन्ही बाजूंना स्वच्छ पट्टे असलेला रस्ता हवा.”

आमोण्याकडे असा रस्ता शोधायचा म्हणजे कठीणच. तिकडचे पट्टे कोणी मोठा माणूस येणार असला की उगवतात आणि पहिल्या पावसात वाहून जातात. पण पेडण्यात आता मोप्याच्या विमानतळाचा रस्ता झाला आहे. ताशीव डांबर, पांढरेशुभ्र पट्टे, बाजूला काँक्रीटची कड. तिघे तिकडे गेले. जाताना रेश्माने चालवली. दिनकर मागे बसला आणि तिचं चालवणं बघत राहिला. पोरगी चांगली चालवत होती, हे त्याला मनातून कबूल करावं लागलं. विमानतळाच्या अलीकडे नारिंगी दिवा विझला. अविनाश “गेलो!” म्हणून ओरडला.

रेश्माने गाडी बाजूला घेतली. “आता नेहमीच्या ड्रायव्हरने चालवायची. नीट वाजते का बघते मी.”

“वाजतली,” दिनकर म्हणाला आणि पुढे जाऊन बसला. रेश्मा शेजारी पडदा मांडीवर घेऊन बसली, अविनाश मागे.

वाजली. वळून रस्त्याला लागतो न लागतो तोच वाजली आणि स्टीअरिंग हातात थरथरलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. आरशात दिनकरला मुलगा दिसत होता. अविनाशने खिडकीबाहेर तोंड फिरवलं होतं. तो रागावला नव्हता. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते दिनकरला रागापेक्षा जास्त लागलं.

“थांबू नका काका, चालवा,” रेश्मा म्हणाली. ती कधी पडद्याकडे बघायची, कधी खिडकीतून खाली चाकाकडे. मग म्हणाली, “तुम्ही दर वेळी उजव्या पट्ट्यावर जाताय. डाव्या बाजूला एकदाही नाही.”

“म्हंजे?” अविनाशने विचारलं.

“झोप आली किंवा हात ढिला पडला की गाडी दोन्हीकडे जाते. काकांची हलत पण नाही. एका रेषेत चाललीय. नुसती ती रेषा सगळी उजवीकडे सरकलीय. काका, डावीकडे काय आहे? तिकडे जायला तुम्हाला काय होतं?”

दिनकरने डावीकडे पाहिलं. काँक्रीटची कड, तिच्यापलीकडे तांबडी माती, गवत.

“कड,” तो म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्यालाच ऐकू आलं.

मग तो बोलायला लागला, रस्त्याकडे बघतच. “कडेर भरल्लो ट्रक घालूचो नाय. कड वरसून दिसता घट, आतसून पोकळ. पाऊस सरल्यार तर नायच नाय. धाकून घातलो. समोरसून बस येय होती, पोरांनी भरल्ली. तेना साइड दिली. डावी चाकां कडेर गेली आनी कड गेली. ट्रक तसोच शेतात पडलो, मालासकट. मी मागच्या ट्रकात होतंय. फावडी येईसर आमी हातांनी माल उपसलो.” तो थांबला. “मिळालो तो. पण गेल्लो.”

धाकू ट्रकखाली गेला हे अविनाशला माहीत होतं. तेव्हा तो लहान होता, आईच्या कडेवर बसून मयताला गेला होता. पण त्याच्या मागच्या ट्रकात आपला बाप होता, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दिनकरने ते घरात कधी उच्चारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो ट्रक घेऊन निघाला होता आणि डावी चाकं त्याने कडेला दिली नव्हती. त्यानंतर कधीच दिली नव्हती, ट्रकात नाही, बालरथात नाही, या गाडीतही नाही. ठरवून नव्हे. हातच तसा बसला होता.

घंटी पुन्हा वाजली. या वेळी अविनाश मागून पुढे वाकला. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाबा, डावीकडे घेवा. ही कड सिमिटाची आसा. खचाची नाय.”

दिनकरने स्टीअरिंग जरा डावीकडे दिलं. हातभरच सरकायचं होतं, पण कड जवळ आली तसा त्याचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. तो त्याने परत घेतला. गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध आली. गाडी बोलली नाही. रस्ता संपेपर्यंत ती बोलली नाही.

रेश्माला वर्कशॉपपाशी सोडलं. अविनाश उतरून तिच्याशी काहीतरी बोलला आणि येऊन दिनकरच्या शेजारी बसला. चालवायला त्याने मागितली नाही. दिनकरने विचारलं नाही. त्याला वाटलं, घरापर्यंत शेवटची चालवू दे म्हणून बसला असेल. पोराचा स्वभाव त्याला माहीत होता. तो शब्दाचा पक्का होता, आणि गाडी त्याच्यासमोर वाजली होती.

अस्नोडा गेल्यावर रस्ता अरुंद झाला आणि पट्टे संपले. कॅमेऱ्याला बघायला काही उरलं नाही. दुपार कलत होती, दोन्ही बाजूंना काजूची झाडं. दिनकरच्या लक्षात आलं की गाडी हळूहळू रस्त्याच्या मध्यावर आली आहे. इथे त्याला टोकणारं कोणी नव्हतं. त्याने ती डावीकडे घेतली. थोड्या वेळाने ती पुन्हा मध्यावर, पुन्हा त्याने घेतली. खोडकर घोड्याला वळवावं तसं त्याला स्वतःच्या हातांना वळवावं लागत होतं.

एका वळणावर समोरून बस आली. जागा दोघांनाही पुरेशी नव्हती. ट्रकवर असता तर दिनकर मध्यातच उभा राहिला असता, हॉर्नवर हात ठेवून, बसवाल्याची आई-बहीण काढत, तो मागे जाईपर्यंत. त्याने गिअर कमी केला आणि डावी चाकं डांबराखाली घातली. खाली मुरूम होता. गाडी त्या अंगाला कलली. कान त्या आवाजाकडे लागले, दगड सुटतो आणि मग माती सुटते त्या आवाजाकडे. बस बाजूने खडखडत गेली. कडेने गाडी धरून ठेवली होती. दिनकरने हलकेच चाकं वर घेतली आणि आपण काय केलं ते याने पाहिलं का, म्हणून शेजारी नजर टाकली.

अविनाश झोपला होता. मान दाराला टेकलेली, तोंड जरा उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. गाडी कलली तरी त्याला पत्ता नव्हता. दिनकरला एकदम भरून आलं. रस्त्यावर लक्ष हवं म्हणून त्याने ते आवरलं आणि गाडी आणखी हळू केली. उरलेला रस्ता त्याने प्रत्येक खड्डा चुकवत, बाळाचा पाळणा न्यावा तशी गाडी नेली.

अंगणात गाडी थांबली तेव्हा अविनाश दचकून जागा झाला. “पावलो?”

“पावलो,” दिनकर म्हणाला. उतरून तो गाडीला वळसा घालून मुलाच्या बाजूला गेला आणि चावी पुढे केली. “वाजली तुझ्यासमोर. घे.”

अविनाशने चष्मा सारखा केला, चावीकडे पाहिलं, आणि घेतली नाही.

“वाजली तेवा मी जागो होतंय,” तो म्हणाला. “मगे वाजाक नाय, म्हणान निजलंय.”

आणि तो जांभई देत घरात गेला. भागीरथीने आतून जेवायला दोनदा हाक मारली, तरी दिनकर चावी हातात धरून अंगणातच उभा होता.